किरणोत्सर्गी धूळ जमिनीत उतरते तेव्हा

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जी मोठी मोजणी व जमाबंदी झाली आणि जिचे नियम गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन या तिघा अंमलदारांनी १८४७ च्या संयुक्त अहवालात कायम केले, तिच्यात जमिनीची प्रत ठरविण्यासाठी मोजणीखात्याची माणसे शेतात ठिकठिकाणी खणून पाहत. माती किती खोल आहे, तिचा रंग व पोत कोणत्या जातीचा आहे, तीत वाळू वा चुनखडी मिसळली आहे काय, शेत उतरते आहे की त्यात पाणी तुंबते, एवढ्या गोष्टींची नोंद झाल्यावर प्रत ठरे आणि मग सारा बसे. महसुलासाठी विचारलेले हे प्रश्न पुढे शंभर वर्षांनी एका सर्वस्वी निराळ्या कारणासाठी पुन्हा विचारावे लागतील, याची त्या अंमलदारांना कल्पनाही असणे शक्य नव्हते. अणुस्फोटातून किंवा अणुभट्टीच्या अपघातातून आकाशात चढलेली किरणोत्सर्गी धूळ खाली येऊन मातीत शिरली, म्हणजे ती किती खोल जाईल, किती वर्षे तेथे राहील, विहिरीच्या पाण्याला लागेल की गवताच्या मुळाला, हे ज्याला जाणून घ्यावयाचे आहे त्यालाही आधी खड्डाच खणावा लागतो आणि जवळजवळ तेच प्रश्न विचारावे लागतात. त्यांत भर पडते ती एकाच मोठ्या प्रश्नाची, आणि तो म्हणजे पावसाचा.

या धुळीतील बहुतेक द्रव्ये अल्पायुषी असतात. आयोडीन १३१ हे त्यांतील सर्वांत कुप्रसिद्ध. त्याचा अर्धायुकाल अवघा आठ दिवसांचा, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे होत जाते. गवतावर पडून, गाईच्या दुधातून लहान मुलांच्या गळ्यातील अवटु ग्रंथीपर्यंत पोहोचण्यास एवढा वेळ पुरतो आणि तेथे ते मोठा अनर्थ करू शकते, पण मातीत खोल उतरण्याइतका अवकाश त्याला मिळत नाही. भूमीशी ज्यांचा दीर्घकाळ संबंध जडतो अशी द्रव्ये मुख्यतः तीन: सुमारे तीस वर्षे अर्धायुकाल असलेले सिझियम १३७, सुमारे एकोणतीस वर्षांचे स्ट्राँशियम ९०, आणि चोवीस हजार वर्षांहून अधिक अर्धायुकालाचे प्लुटोनियम २३९.

ही द्रव्ये वजनाने किती असतात हे सांगितले तर वाचकाला नवल वाटेल. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या चौथ्या भट्टीचा स्फोट झाल्यावर दहा दिवसांत जेवढे सिझियम १३७ तेथून बाहेर पडले आणि ज्याने अर्ध्या युरोपची झोप उडविली, ते सगळे एकत्र करून तराजूत घातले असते तर पंचवीस-तीस किलोग्रॅमच्या आत भरले असते. ज्या जमिनीला सोव्हिएत दप्तरी ‘दूषित’ असा शेरा मिळे, तिच्या एका चौरस किलोमीटरवर हे सिझियम असे सुमारे बारा मिलिग्रॅम. सबंध शिवारावर मिठाच्या चिमटीहून कमी, आणि तरीही तेथील दूध विकण्यास बंदी होऊ शके. हे माप ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण त्यावरून मातीपुढील कामाचे स्वरूप कळते: मातीला भार पेलावयाचा नसतो, अगदी थोड्या अणूंना जागा द्यावयाची असते, आणि ती जागा कोणत्या प्रकारची आहे यावर पुढची सगळी हकीकत अवलंबून असते.

ही जागा कशी असते हे समजण्यासाठी चिकणमातीचा एक ओला गोळा हाती घ्यावा. बोटांमध्ये चोळला तर तो साबणासारखा गुळगुळीत लागतो. वाळूची कचकच त्यात नसते. हा गुळगुळीतपणा येतो तो त्यातील कणांच्या घडणीमुळे. इलाइट नावाचे जे खनिज पुष्कळ चिकणमातींत असते ते अभ्रकाचे भावंड आहे. अभ्रकाप्रमाणेच त्याचे कण एकावर एक रचलेल्या अतिशय पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात आणि त्या पापुद्र्यांना पोटॅशियमचे अणू एकमेकांशी घट्ट सांधून ठेवतात. ऊन, पाऊस आणि मुळांतून पाझरणारी आम्ले यांच्या हजारो वर्षांच्या माऱ्याने या कणांच्या कडा मात्र उसवतात. माळ्यावर ओल लागलेल्या जुन्या पोथीची पाने मध्ये चिकटलेली असतात आणि कडेला फाकलेली असतात, तशीच ही स्थिती. या फाकलेल्या कडांतून पोटॅशियम निघून गेलेले असते आणि तेथे रिकामी खोबण उरते. सिझियमचा अणू रासायनिक स्वभावाने पोटॅशियमच्या जातीचा. आपल्या भोवतीचे पाण्याचे वेष्टन तो सहज टाकून देतो आणि त्या खोबणीत असा नेमका बसतो की एकदा बसल्यावर पापुद्रे त्याच्यावर मिटतात. अशा खोबणी मातीतील एकंदर विनिमयस्थानांच्या, म्हणजे अणू धरणाऱ्या व सोडणाऱ्या जागांच्या, मानाने अगदी थोड्या असतात. परंतु चौरस किलोमीटरमागे सिझियमच बारा मिलिग्रॅम असल्यावर थोड्या खोबणी पुरून उरतात. चेर्नोबिलनंतर वीस-तीस वर्षांनी ज्या पडीक जमिनींत खड्डे खणले गेले, त्यांपैकी चिकणमाती असलेल्या बहुतेक ठिकाणी सिझियमचा फार मोठा भाग वरच्या दहा सेंटिमीटरांतच सापडला. पाऊस तीस वर्षे पडत होता, पाणी खाली जात होते, आणि सिझियम वर्षाला सेंटिमीटरभरही सरकत नव्हते.

आता ज्या मातीत ही खोबण नाही तिची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण या सबंध शास्त्रातील सर्वांत महाग पडलेला धडा त्या गोष्टीत आहे.

१९८६ च्या मे महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चेर्नोबिलचा ढग ब्रिटनवर आला, आणि नेमका त्याच वेळी उत्तर वेल्स, कंब्रिया व स्कॉटलंड येथील डोंगराळ मुलुखात जोराचा पाऊस झाला. मैदानी प्रदेश कोरडा राहिला आणि त्याच्या वाट्याला धूळ थोडी आली; डोंगरावर पावसाने ती अक्षरशः धुऊन खाली आणली. जून महिन्यात मेंढ्यांच्या मांसात सिझियम आढळले, तेव्हा किलोग्रॅममागे १,००० बेकेरलची (बेकेरल हे किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक) मर्यादा घालून त्यावरील जनावरे हलविण्यास व कापण्यास सरकारने मनाई केली. मनाईच्या टापूत चाळीस लाखांहून अधिक मेंढ्या होत्या. सरकारी सल्लागारांचा अंदाज असा होता की हा मामला सुमारे तीन आठवड्यांत मिटेल: गवतावरचे सिझियम पावसाने मातीत जाईल, माती ते धरून ठेवील, नवे गवत स्वच्छ उगवेल आणि मेंढीच्या अंगातील सिझियम काही आठवड्यांत निम्म्याने कमी होत संपून जाईल. या तर्कात एकही पायरी असंबद्ध नव्हती. मैदानातील चिकणमातीच्या कुरणांवर तसेच घडते, आणि तो अंदाज अशा जमिनींच्याच अनुभवावर बांधलेला होता.

डोंगरावरची माती निराळी होती. थंड आणि बाराही महिने ओल्या हवेत गवत, शेवाळ व झुडपे मरतात ती पुरती कुजत नाहीत. वर्षानुवर्षे साचून त्यांचा काळा, स्पंजासारखा, आंबट थर बनतो, त्याला पीट म्हणतात. या थरात वनस्पतींचे अवशेष भरपूर आणि इलाइट जवळजवळ नाही. वनस्पतींचे अवशेष सिझियमला धरतात, पण हातात हात घातल्यासारखे सैल, खोबणीत मिटल्यासारखे नव्हे. शिवाय पाणथळ जमिनीत हवा पोहोचत नसल्याने अमोनियम साचते आणि थोडीफार खोबण असलीच तर तिच्यावर तेही हक्क सांगते. पोटॅशियमचे दुर्भिक्ष असल्याने भुकेली मुळे त्याचा भाऊ समोर आला की त्यालाच उचलतात. मग सिझियम गवतात चढते, गवत मेंढी खाते, मेंढीच्या लेंडीतून ते पुन्हा पीटवर पडते, न खाल्लेली पाने वाळून तेथेच गळतात, आणि पुढच्या वसंतात तीच द्रव्ये पुन्हा वर येतात. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. सिझियम अशा जमिनीत सैल असूनही फार खोल जात नाही, कारण ते खाली निसटण्याआधी मुळांचे दाट जाळे त्याला परत वर ओढते. म्हणजे केवळ खोली मोजून निर्णय करणाऱ्याला ही माती आणि सिझियम पक्के धरणारी चिकणमाती यांत अंतर दिसणार नाही. ते अंतर गवत तपासल्यावरच दिसते.

त्यानंतर जे झाले ते त्या डोंगरी मेंढपाळांच्या दोन पिढ्यांना भोगावे लागले. मेंढ्या बाजारास न्यावयाच्या तर आधी तपासनीस येई. मेंढी पायांत धरून उभी केली जाई, तिच्या मागच्या मांडीवर मापकाचे तोंड टेकविले जाई, आकडा पाहिला जाई, आणि मर्यादेवर गेलेल्या जनावराच्या लोकरीवर रंगाचा ठसा उमटविला जाई. असे एकेक जनावर, वर्षामागून वर्ष. तीन आठवड्यांची मुदत वाढत वाढत सव्वीस वर्षांची झाली. ब्रिटनमधील शेवटची बंधने १ जून २०१२ रोजी उठली, आणि तोवरही तीनशेहून अधिक शेते त्यांच्या कक्षेत होती, त्यांतील बहुतेक उत्तर वेल्समधील. धनगराला आपल्या माळाची ओल, त्यावरचे गवत आणि मेंढ्या कोणत्या बाजूला चरतात हे ठाऊक असते. हे ज्ञान पहिल्याच महिन्यात आकडेमोडीत घेतले असते तर त्या कुटुंबांना एवढी वर्षे दर हंगामाला नवी आशा व नवी निराशा सोसावी लागली नसती, असे माझे स्पष्ट मत आहे.

खुद्द सोव्हिएत मुलुखातही हाच भेद मोठ्या प्रमाणावर दिसतो. अपघातस्थळापासून शेकडो किलोमीटर दूर, रशियाच्या तूला प्रांतात प्लाव्स्कच्या आसपास पावसाने सिझियमचा मोठा डाग पाडला. पण ती जमीन चेर्नोझेम, म्हणजे युक्रेन-रशियातील विख्यात काळी, सुपीक, चिकणमातीयुक्त जमीन, आणि तीत पिकलेले धान्य प्रायः मर्यादेच्या आतच राहिले. उलट युक्रेनच्या वायव्येकडील रिव्ने प्रांतात, पोलेसियेच्या दलदलींच्या कडेला, धूळ पुष्कळच कमी पडली होती. तेथील जमीन पीट व वाळू यांची. त्या भागातील खेड्यांत लोक आपली एखादी गाय ओल्या कुरणावर चारतात आणि जंगलातून अळंबी व बोरासारखी फळे गोळा करून आणतात. अपघातानंतर कित्येक दशकांनीही त्या गाईंच्या दुधात लिटरमागे १०० बेकेरल या युक्रेनी मर्यादेहून अधिक सिझियम सापडत राहिले. नकाशावर गडद रंग प्लाव्स्कला दिला होता, आणि दूषित दूध रिव्नेच्या मुलांच्या पोटात जात होते.

पीटच्या उलट टोकाला, उष्ण कटिबंधातील समुद्रात, बिकिनी हे प्रवाळबेट आहे. मार्शल बेटांच्या समूहातील या बेटावरील १६७ रहिवाशांना अमेरिकन आरमाराने १९४६ साली अन्यत्र हलविले आणि तेथे अणुचाचण्या सुरू केल्या. त्यांतील सर्वांत मोठी, १५ मेगाटनांची, १ मार्च १९५४ रोजी झाली. १९६८ मध्ये बेट राहण्यास योग्य असल्याचे जाहीर झाले, काही कुटुंबे परतली, नारळाची नवी लागवड फळाला आली, आणि त्याबरोबर त्या माणसांच्या शरीरातील सिझियमचे माप चढू लागले. १९७८ साली त्यांना पुन्हा बेट सोडावे लागले. परतण्याची मुभा देताना बांधलेला हिशेब चुकला होता, आणि चुकीच्या मुळाशी पुन्हा माती होती.

प्रवाळबेटाची माती म्हणजे पोवळ्यांचा भुगा: कॅल्शियम कार्बोनेट आणि त्यावर कुजलेल्या पानांचा पातळ थर. अभ्रकाच्या घराण्यातील खनिज तेथे कोठून येणार? सभोवार समुद्र, जवळ डोंगर नाही, नदी नाही. पोटॅशियमही अत्यल्प. अशा मातीत नारळाची मुळे सिझियम अशा वेगाने उचलतात की तेवढ्याच धुळीने दूषित झालेल्या खंडीय जमिनीत त्याच्याशी तुलना व्हावयाची नाही, आणि शहाळ्याचे पाणी व खोबरे हेच तर बेटवासीयांचे रोजचे अन्न. याउलट स्ट्राँशियम हे कॅल्शियमच्या जातीचे असल्याने, आणि त्या मातीत कॅल्शियमला तोटा नसल्याने, झाडे ते फार थोडे घेतात. एकाच मातीने एका द्रव्याला मोकळी वाट द्यावी आणि दुसऱ्याला झाडापासून दूर ठेवावे, याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही. उपाय सापडला तोही मातीच्या भाषेत. अमेरिकेतील लिव्हरमूर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी नारळीच्या बुंध्याभोवती पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅश, टाकून पाहिले. पोटॅशियम मुबलक मिळताच झाडांनी सिझियम घेणे एवढे कमी केले की नारळातील त्याचे प्रमाण पूर्वीच्या दहाव्या हिश्शापर्यंत किंवा त्याहूनही खाली आले. २०११ च्या अपघातानंतर जपानात फुकुशिमाच्या भातखाचरांतही पोटॅशचाच आधार घेण्यात आला, आणि तेथे तर प्रांतात पिकलेल्या भाताचे पोतेन्‌पोते यंत्रावरून तपासून जाऊ लागले.

स्ट्राँशियमला खोबणीत मिटणे साधत नाही. ते चिकणमातीच्या व कुजट द्रव्याच्या पृष्ठभागावर कॅल्शियमच्या शेजारी सैल बसते आणि पाण्यात कॅल्शियम वा आम्ल वाढले की सुटते. म्हणून सिझियम जेथे बोटभर सरकते तेथे स्ट्राँशियम हातभर जाते. चेर्नोबिलच्या निकटच्या परिसरात यात आणखी एक गुंता होता. भट्टीतून उडालेले स्ट्राँशियम बहुतांशी इंधनाच्या सूक्ष्म कणांत बंद होते. तो कण म्हणजे जणू एक बंद डबी. आंबट वाळूत या डब्या लवकर झिजतात, चुन्याचा अंश असलेल्या मातीत पुष्कळ सावकाश. त्यामुळे आंबट जमिनींत काळ लोटला तसतसे झाडांना मिळणारे स्ट्राँशियम कमी होण्याऐवजी काही वर्षे वाढतच गेले. अपघातात करपून तांबडे पडलेले पाइनचे जंगल १९८७ साली पाडून वाळूतच चर खणून पुरण्यात आले. तेथे वरून चिकणमातीचा बंदोबस्त नव्हता आणि खाली भूजल फार दूर नव्हते. पावसाचे पाणी त्या चरांतून झिरपले, डब्या विरघळल्या, आणि स्ट्राँशियम भूजलाबरोबर निघाले. ते पाण्याच्या वेगाने गेले नाही, वाळूनेही त्याला वाटेत पुष्कळ रोखले, तरी त्याची वाट तेथील निरीक्षणविहिरींत वर्षानुवर्षे मोजता आली. चरांवर जी पाइनची नवी रोपे लावली होती त्यांनी मात्र आपली मुळे खाली सोडली आणि पुरलेले स्ट्राँशियम शोषून खोडात व पानांत पुन्हा वर आणले. माणसाने जे खाली दडविले ते झाडांनी वर काढले, आणि त्यांनी केले ते त्यांच्या स्वाभाविक धर्माप्रमाणेच.

हवामानाचा विचार आता स्वतंत्रपणे करू. सर्वसाधारण समजूत अशी की जेथे पाऊस फार तेथे धूळ खोल जाणार. यात तथ्य आहे, पण अर्धेच. पाऊस खाली झिरपतो तसा तो वाहतोही, आणि सिझियम चिकणमातीच्या कणाला बांधलेले असल्याने कण वाहिला की तेही त्याच्याबरोबर जाते. जपानात तुफानांच्या पावसाने ते मुख्यतः याच रीतीने नद्यांच्या गाळात उतरले. थंड मुलुखात पाऊस बर्फाच्या रूपाने हिवाळाभर साचतो आणि वसंतात एकदम सुटतो. १९९१ च्या जानेवारीत प्रिप्यात नदीत बर्फ अडून पूर आला, पाणी काठच्या दूषित कुरणांवर पसरले आणि ओसरताना स्ट्राँशियम नीपर नदीत घेऊन गेले. त्या अनुभवानंतर १९९३ साली डाव्या काठाला बांध घालण्यात आला. अवर्षणाचीही वाट निराळी आहे: उरल पर्वताच्या पायथ्याशी कराचाय सरोवरात किरणोत्सर्गी सांडपाणी सोडले जात असे, १९६७ च्या कोरड्या वसंतात त्याचा काठ उघडा पडला, गाळाची माती झाली आणि वाऱ्याने ती आसपासच्या वस्त्यांवर नेली. पाण्याअभावी जे खाली गेले नाही ते आडवे गेले.

वाळवंटाच्या बाबतीत तर आणखी सावध राहिले पाहिजे. नेवाडाच्या वाळवंटात पाऊस अत्यल्प आणि भूजल शेकडो मीटर खोल असल्याने, वरून पडलेली धूळ तेथे वरच्या मातीतच राहते, हे खरे. प्लुटोनियम तर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून भूगर्भात चाचणी केली तर ते जागचे हलणार नाही अशी पुष्कळांची खात्री होती. १९६८ साली तेथे भूगर्भात ‘बेनहॅम’ नावाची चाचणी झाली. पुढे तिच्यापासून १.३ किलोमीटर अंतरावरील विहिरींतून काढलेल्या पाण्यात प्लुटोनियम सापडले आणि समस्थानिकांच्या प्रमाणावरून ते त्याच चाचणीचे असल्याचे १९९९ मध्ये सिद्ध करण्यात आले. ते विरघळून आले नव्हते. चिकणमाती व तत्सम खनिजांचे इतके सूक्ष्म कण की जे पाण्यात तरंगतच राहतात, त्यांच्या पाठीवर बसून ते आले होते. ज्या चिकणमातीला आपण आतापर्यंत धरून ठेवणारी म्हणून गौरविले, तीच अशा तरंगत्या कणांच्या, म्हणजे कलिलाच्या, रूपात वाहकही होते.

तथापि पावसाचा खरा मोठा परिणाम या सगळ्याहून खोल आहे असे मला वाटते. एका पावसाळ्यात तो धूळ किती खाली नेतो यापेक्षा, हजारो पावसाळ्यांत त्याने कोणती माती घडवून ठेवली आहे, याला अधिक महत्त्व आहे. ब्रिटनच्या डोंगरावरचे पीट थंडी व सततची ओल यांनी घडविले. रशियाची काळी जमीन मध्यम पाऊस, कडक हिवाळा व गवताळ मैदान यांनी. आपल्या महाराष्ट्रात घाटाच्या दोन बाजूंना हेच दोन रूपांत उभे आहे. कोकणात काही महिन्यांत तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून सगळी क्षारद्रव्ये धुऊन नेतो आणि लोहाच्या व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला, केओलिनाइटयुक्त तांबडा जांभा मागे उरतो. त्यात खोबणी असलेले अभ्रकवर्गी खनिज थोडे आणि पोटॅशियमही थोडे, म्हणून अशी माती सिझियमला धरून ठेवण्यास तत्त्वतः दुबळी. घाटावर, सोलापूर-मराठवाड्याकडे, पाऊस थोडा आणि उन्हाळा दीर्घ. तेथे बेसाल्ट झिजून काळी कसदार माती झाली, तिच्यात स्मेक्टाइट जातीची फुगणारी चिकणमाती भरपूर. ती सिझियमला इलाइटइतकी कायमची मिटवून टाकीत नसली तरी तिची धारणशक्ती मोठी आहे. मात्र हीच काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते. हात जाईल एवढ्या रुंद भेगा कमरेइतक्या खोल जातात, वरची भुसभुशीत माती त्यांत पडत राहते, आणि मृगाचा पाऊस लागला की त्या मिटतात. आपले शेतकरी म्हणतात ही जमीन स्वतःच नांगरते. अशा जमिनीत वरच्या थरातील द्रव्य पाण्याने वाहून न जाताही खाली जाऊ शकते, केवळ ढेकूळ भेगेत पडून. आणि ही वाट युरोपातील चिकणमातीच्या कोष्टकांत सापडावयाची नाही.

हे केवळ कल्पनेतील विवेचन आहे असे वाचकाने मानू नये. बिकिनीच्या स्फोटानंतर महिन्याभरात, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तहकूब ठेवण्याची सूचना मांडली, आणि १९५६ मध्ये अणुस्फोटांच्या परिणामांवर डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी डॉ. भाभा व डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या सहकार्याने सिद्ध केलेला ग्रंथ भारत सरकारने प्रसिद्ध केला, तो याच धुळीच्या चिंतेतून. त्या काळातील चाचण्यांची धूळ सबंध पृथ्वीवर उतरली; उत्तर गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर अधिक, आपल्याकडे त्या मानाने कमी, पण उतरली. १९६३ साली तिचा लोट सर्वाधिक होता. त्याच वर्षी ५ ऑगस्टला मॉस्को येथे अंशतः चाचणीबंदीचा करार झाला आणि पुढे ती उतरणीला लागली. मातीत व तळ्यांच्या गाळात ठसलेला तो १९६३ चा थर आज मृदाशास्त्रज्ञांना कालगणनेच्या खुणेसारखा उपयोगी पडतो: उतारावर सिझियम कमी सापडले तर तेथली माती वाहून गेली, पायथ्याशी अधिक सापडले तर ती तेथे साचली.

पाणी मात्र किती खाली जाते हे आपल्याकडे निराळ्या रीतीने मोजले गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील आर. एन. आठवले व त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या बेसाल्ट मुलुखात, गोदावरी-पूर्णा व कुकडी या खोऱ्यांत, पावसाळ्यापूर्वी जमिनीत ट्रिटियमयुक्त पाण्याची अत्यल्प मात्रा सोडली. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, हे पाण्याचेच अंग असल्याने कोणतीही चिकणमाती त्याला अडवीत नाही. पाणी जेथे जाते तेथे ते जाते. पावसाळा संपल्यावर त्याच जागी मातीचे थर कापून ते किती खाली सरकले हे पाहिले, तेव्हा आढळले की त्या खोऱ्यांत पडलेल्या पावसाचा दहावा हिस्साही भूजलापर्यंत पोहोचत नाही.

म्हणून अणुकेंद्र कोठेही असो, तेथील मातीचे दप्तर अपघातापूर्वी तयार असले पाहिजे: इलाइट किती, स्मेक्टाइट किती, चुना, आम्लता, पोटॅशियम, भेगांची खोली, भूजलाची पातळी आणि पावसाचा काल. अपघातानंतरचा पहिला आठवडा हे सर्व खणून पाहण्याचा नसतो. १९८६ साली असे दप्तर हाताशी नव्हते आणि मुदती चुकल्या. १९६३ च्या सुमारास आपल्या शिवारांवर उतरलेल्या सिझियमपैकी साधारण चौथा हिस्सा आज शिल्लक आहे, आणि ज्या गायरानाला कधी नांगर लागला नाही व ज्याची जमीन भेगाळत नाही, तेथे त्यातील पुष्कळसे अजून वरच्या वीतभर मातीतच आहे.